डब्यातली ६२५

(पत्र नाशिकजवळच्या एका वाचक ताईंचं आहे. घरी नवरा, ६६ वर्षांच्या मधुमेही सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंचा गाल सुजला. दातांच्या डॉक्टरांनी दात उघडून पू काढला, पाच दिवस ‘६२५’ ही दोन औषधं एकत्र असलेली अँटिबायोटिक गोळी आणि मेट्रोनिडाझोल हे आणखी एक अँटिबायोटिक लिहून दिलं आणि रूट कॅनालसाठी परत बोलावलं. तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. उपाशीपोटी गोळी घेतली, जुलाब लागले आणि गोळ्या थांबल्या. तोवर ठणका गेला होता, म्हणून रूट कॅनालही राहिलं. उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात गेल्या. आता मुलाला दोन दिवस ताप आहे, घसा दुखतोय, नाक वाहतंय. बालरोगतज्ज्ञांनी तपासून फक्त पॅरासिटामॉल दिलं आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत आणा म्हणाले. सासूबाईंचं म्हणणं, डब्यातली अर्धी ६२५ द्या, मला दोन दिवसांत गुण आला होता. नवऱ्याचं म्हणणं, साधी अँटिबायोटिकं आता चालत नाहीत, दोन औषधं एकत्र असलेलीच लागतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याने तर सेफिक्झिम-ओफ्लॉक्सासिन या दोन अँटिबायोटिकांच्या जोडगोळीची स्ट्रिप हातात ठेवली. ताई विचारतात: “कॉम्बिनेशन म्हणजे खरंच दुप्पट ताकद का? डॉक्टरांकडे स्ट्राँग औषधाचा आग्रह धरू का? आणि घरात नाही कसं म्हणू?”)

ताई,

हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा मुलाचा ताप बहुधा उतरलेला असेल. डबा मात्र जागच्या जागी असेल. म्हणून आधी मुलाचं थोडक्यात, मग डब्याचं सविस्तर.

घसादुखीबरोबर नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल तर ते बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं. व्हायरसवर एक अँटिबायोटिक चालत नाही, तशी दोनही चालत नाहीत. घशात बॅक्टेरिया असतो तेव्हा तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस असतो आणि त्याची चाल वेगळी असते. ताप एकाएकी चढतो, गिळताना कळ येते, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, आणि सर्दी-खोकला सहसा नसतो. डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला आणि मानेवरून बोटं फिरवली ती हेच बघायला.

तीन दिवस थांबायला सांगितलं त्यातही हिशेब आहे. स्ट्रेपच्या घशाकडे दुर्लक्ष झालं तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आपल्याकडे ही भीती खरी आहे. पण घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं, तरी तो धोका टाळता येतो. म्हणजे तीन दिवस वाट पाहण्यात तुम्ही काहीही गमावत नाही.

तोवर पॅरासिटामॉल नीट मोजून द्या. एका डोसला वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम. तुम्ही मुलाचं वजन २२ किलो लिहिलंय, म्हणजे ३३० मिलिग्रॅम. ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर साडेसहा मिलिलीटर झालं. बाटलीवरचा आकडा आधी वाचा, कारण १२० किंवा १२५ चं सिरपही तसंच दिसतं आणि त्यातून निम्मंच औषध जातं. दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत, आणि स्वयंपाकघरातला चमचा नको. लाळ गिळता येत नसेल, तोंड नीट उघडत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, पाणीही जात नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल किंवा अंगावर पुरळ उठलं असेल, तर तीन दिवसांचा हिशेब सोडा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता समजा तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हा स्ट्रेपच आहे. तरीही ६२५ लागणार नाही. हे पटायला गोळीच्या आत डोकवावं लागेल.

६२५ हा आकडा म्हणजे बेरीज आहे: ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. बॅक्टेरिया मारतं ते अमॉक्सिसिलिन. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकटं दिलं तर जवळजवळ काहीच मरत नाही. बॅक्टेरियाच्या अंगाभोवती एक भिंत असते आणि वाढताना तिची डागडुजी सतत चालू असते. जुनं थोडं फोडायचं, नवी वीट बसवायची, सांधा भरायचा. अमॉक्सिसिलिन सांधा भरणाऱ्या गवंड्याचे हात बांधतं. फोडाफोड चालूच राहते, सांधणं थांबतं, आणि भिंत ढासळून बॅक्टेरिया फुटतो. यावर काही बॅक्टेरियांनी एक कात्री बाळगली. तिचं नाव बीटा-लॅक्टमेज. अमॉक्सिसिलिनच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं, ते कापलं की औषध निकामी. (ही कात्री अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवली होती, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याच्या आधी. बॅक्टेरिया आपल्यासाठी थांबले नव्हते.) क्लॅव्ह्युलॅनिक आम्लातही तसंच चौकोनी कडं आहे. कात्री ते कापायला जाते आणि तुकडा पात्यांत कायमचा रुतून बसतो. तेवढी कात्री बाद झाली, की अमॉक्सिसिलिनला मोकळं रान. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस नावाच्या जिवाणूपासून हे आम्ल मिळालं आणि १९८१ मध्ये ही जोडी ब्रिटनमध्ये बाजारात आली.

म्हणजे ६२५ देताना विचारायचा प्रश्न हा, की समोरच्या बॅक्टेरियाकडे कात्री आहे का? घशातल्या स्ट्रेपकडे ती नाही. पेनिसिलिनला दाद न देणारा स्ट्रेप पायोजेनिस आजवर आढळलेला नाही, इतक्या वर्षांच्या वापरानंतरही. त्यामुळे त्याला साधं अमॉक्सिसिलिन पुरतं, फक्त ते दहा दिवस द्यावं लागतं. कात्रीच नसलेल्याच्या कात्रीत खिळा घालून काय साधणार? उलट बाजूही आहे. एमआरएसए नावाचा हट्टी स्टॅफिलोकॉकस गवंडीच बदलून बसलेला असतो, त्यामुळे अमॉक्सिसिलिनला धरायला जागाच उरत नाही. तिथेही ६२५ निरुपयोगी. कात्री आहे आणि गवंडी जुनाच आहे, अशा मधल्या जागेत ६२५ कामाची: सायनस आणि कानाचे काही संसर्ग, कुत्र्या-मांजराचा चावा, दाताचा पू, मधुमेही पायाच्या काही जखमा.

तुमच्या यजमानांची ‘साधी औषधं चालत नाहीत’ ही तक्रार अर्धी खरी आहे. लघवीच्या आणि पोटाच्या बॅक्टेरियांपैकी बरेच आता साध्या अमॉक्सिसिलिनला जुमानत नाहीत. पण ‘चालत नाही’ हे औषधाचं वर्णन होत नाही. कोणत्या बॅक्टेरियावर, हे जोडल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आता अर्ध्या गोळीचं. अर्ध्या ६२५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल साडेबासष्ट. मुलांच्या दिवसातून दोनदा द्यायच्या ड्राय सिरपमध्ये हे प्रमाण वेगळं असतं: ५ मिलिलीटरमध्ये ४०० ला ५७, म्हणजे साधारण सातास एक. गोळीत ते चारास एक. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल आतड्यांची हालचाल वाढवतं, म्हणून गोळीच्या तुकड्यावर मुलाला जुलाब होण्याची शक्यता जास्त. शिवाय हे आम्ल दमट हवेत लवकर बिघडतं. म्हणून तर गोळी ॲल्युमिनियमच्या जाड पाकिटात येते. फोडलेल्या पाकिटातली, पावसाळाभर डब्यात पडलेली, पिवळट-तपकिरी झालेली गोळी म्हणजे नावाला ६२५. आणखी एक. काही व्हायरल घशांत अमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ उठतं. मग फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा बसतो आणि खरी गरज पडते तेव्हा चांगलं औषध हाताशी राहत नाही.

मोठ्यांसाठीही आकड्यांची एक गंमत लक्षात ठेवा. ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५. ‘वन ग्रॅम’ म्हणजे ८७५ अधिक १२५. तिन्हींत दुसरं औषध तेवढंच. म्हणून ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन ५०० च जातं आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट, २५०. पोट बिघडायची ही हमखास वाट. ज्यांच्या घरी या जोडीचं ड्राय सिरप येतं त्यांनी उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत दोन टप्प्यांत घालावं, दर वेळी जोरात हलवावं, फेस बसल्यावर खूण पुन्हा तपासावी. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही, आणि लेबलवर दिलेली मुदत, बहुतेक सिरपांना सात दिवस, संपली की उरलेलं टाकून द्यायचं.

सासूबाईंच्या जुलाबांचं कोडं यातच सुटतं. ही गोळी जेवायला सुरुवात करताना घ्यायची असते. तेव्हा पोटाला त्रास कमी होतो आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल नीट शोषलं जातं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटावर तीच गोळी म्हणजे त्रासाला आमंत्रण, त्यात त्या मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर त्यानेही पोट ढिलं होतं. मधुमेहींनी अँटिबायोटिक चालू असताना उपास करावा की नाही, हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारलेला बरा. पुन्हा कधी अँटिबायोटिकवर दिवसात तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले, ताप आला किंवा रक्त पडलं, तर जुलाब बंद करायची गोळी घरी देऊ नका, डॉक्टरांना कळवा. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांतही हे होऊ शकतं. तशीच कावीळ. ६२५ मुळे क्वचित यकृताला सूज येते, वयस्करांत आणि लांबलेल्या कोर्समध्ये जास्त, आणि ती औषध बंद झाल्यावरही दिसू शकते. गडद लघवी, पिवळे डोळे, अंगाला खाज असं काही झालं तर मागचं औषध आठवून सांगा.

६२५ सोबत मेट्रोनिडाझोल का, हाही प्रश्न दातांच्या डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. हवेशिवाय जगणाऱ्या ज्या बॅक्टेरियांसाठी मेट्रोनिडाझोल देतात, त्यांतल्या बहुतेकांवर ६२५ आधीच काम करते. साध्या अमॉक्सिसिलिनला मेट्रोनिडाझोलची जोड समजते, ६२५ ला ती बहुधा दुहेरी पडते. त्यांच्याकडे कारण असेलही. विचारायला हरकत नाही, आपल्या मनाने गाळायला मात्र आहे.

मग दोन औषधांची ताकद वाढते असं कुठे होतं? होतं, आणि त्याची उदाहरणं फार सुंदर आहेत. को-ट्रायमॉक्साझोल घ्या. बॅक्टेरियाला वाढायला फॉलेट नावाचं जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार करताना दोन पायऱ्या लागोपाठ येतात. सल्फामेथॉक्साझोल कणीक मळणारीला थांबवतं, ट्रायमेथोप्रिम पोळ्या लाटणारीला. एकेकटी पुष्कळदा नुसती वाढ रोखतात, दोघं मिळून मारतात. गोळीत ८० ला ४०० म्हणजे एकास पाच असं प्रमाण मुद्दाम ठेवलंय, कारण शरीरात पसरल्यावर रक्तात ते एकास वीसच्या आसपास येतं आणि तिथेच जोडी चांगली जमते. किंवा हृदयाच्या झडपेवर बसलेला एन्टरोकॉकस नावाचा बॅक्टेरिया. जेन्टामायसिन या अँटिबायोटिकला एरवी त्याच्या आत पुरेसं शिरता येत नाही. पेनिसिलिनच्या जातीचं औषध भिंतीला भगदाड पाडतं आणि जेन्टामायसिन त्यातून आत जातं.

आणि टीबी. यजमानांच्या मनात बहुधा हाच नियम असावा. १९४८ च्या ब्रिटिश अभ्यासात एकट्या स्ट्रेप्टोमायसिनवर रुग्ण आधी सुधारले, मग अनेकांच्या अंगातले जंतू काही महिन्यांत त्याला पुरून उरले. पॅस नावाचं दुसरं औषध जोडल्यावर ते बरंच थांबलं. गणित असं आहे: आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक आपोआप निपजतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. दोन्हींना एकदम न जुमानणारा कोटी कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत १० कोटींहून जास्त जंतू असू शकतात, म्हणजे एका औषधातून निसटणारे त्यात आधीच हजर, दोन्हींतून निसटणारा जवळपास अशक्य. म्हणून सरकारी टीबी कार्यक्रमातल्या मोठ्यांच्या गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, एथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ५० ते ६४ किलोला रोज चार. इथे एकही दिवस, एकही औषध गाळायचं नाही.

मग सगळीकडे हाच नियम का नाही? कारण टीबीचा जंतू प्रतिकार स्वतःच्या चुकांतून मिळवतो, शेजाऱ्याकडून उसना घेत नाही. आतड्यातले ई. कोलाय, क्लेब्सिएला यांची रीत वेगळी. ते प्लाझ्मिड नावाची डीएनएची कडी एकमेकांना देतात आणि एका कडीवर चार-पाच औषधांवरचे उतारे तयार असतात. तिथे एक औषध दिलं काय, दोन दिली काय, असा तयार बॅक्टेरिया दोन्हींतून निभावतो. भोवतालचे निरुपद्रवी मरतात आणि त्याला पंगतीत जागा मिळते. म्हणजे घशासाठी दिलेली जोडगोळी आतड्यात दोन औषधांचा प्रतिकार एकाच वेळी पोसते.

मेडिकलवाल्याची सेफिक्झिम-ओफ्लॉक्सासिन याच चाळणीतून काढा. इथे कुणी कुणाची कात्री अडवत नाही, कुणी भगदाड पाडत नाही. एक भिंतीवर काम करतं, दुसरं डीएनए उलगडणाऱ्या यंत्रणेवर, आणि दोघांना एका गोळीत बांधून रुग्णाला जास्त गुण येतो असं काही दिसलेलं नाही. ही गोळी टायफॉइडसाठी म्हणून खपते. भारतातले टायफॉइडचे जंतू ओफ्लॉक्सासिनच्या जातीला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत, म्हणजे तो भाग बहुधा वाया. उरलेलं सेफिक्झिम टायफॉइडच्या मोठ्या माणसाला सहसा ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं. गोळी असते २०० अधिक २०० ची. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली की सेफिक्झिम निम्मंच जातं. दोन-दोन घेतल्या की नको असलेलं ओफ्लॉक्सासिन दुप्पट. एका दोरीला बांधलेल्या बैलांपैकी एकाला पुढे नेता येत नाही, तसं. आणि ओफ्लॉक्सासिनमुळे मधुमेहींची साखर खाली-वर होऊ शकते, वयस्करांच्या टाचेमागचा स्नायुबंध दुखावू शकतो. हे सासूबाईंसाठी. मुलाला तर ती नकोच.

सेफिक्झिम-अझिथ्रोमायसिनची गत याहून विचित्र. सेफिक्झिम काही तासांत निम्मं उरतं, अझिथ्रोमायसिनला निम्मं व्हायला तीनेक दिवस लागतात. एक दिवसातून दोनदा द्यायचं, दुसरं एकदा. कोर्स संपल्यावर कित्येक दिवस अझिथ्रोमायसिन एकटंच थोड्या मात्रेत रेंगाळतं, आणि थोड्या मात्रेतलं औषध म्हणजे बॅक्टेरियासाठी तालीम. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकांची वर्गवारी करते. त्यात सेफिक्झिमच्या या दोन्ही जोड्या ‘शिफारस नाही’ या यादीत आहेत, तर ६२५ ची जोडी पहिल्या पसंतीच्या गटात. आपल्या सरकारनेही असल्या बिनबुडाच्या जोडगोळ्यांवर बंदीच्या फेऱ्या काढल्या: मार्च २०१६ मध्ये ३४४, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८, ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. त्यांत सर्दी-वेदनांची औषधंही होती आणि काही प्रकरणं कोर्टात लढली गेली. पण एखादी गोळी दुकानात मिळते यावरून ती शहाणपणाची आहे असं ठरत नाही, एवढं यातून दिसतं.

कधी कधी तर दोन औषधं एकमेकांच्या पायात पाय घालतात. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी न्यूमोकॉकस या बॅक्टेरियामुळे होणाऱ्या मेंदूज्वरात पाहिलं, की पेनिसिलिनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्या रुग्णांचे मृत्यू नुसत्या पेनिसिलिनपेक्षा जास्त झाले. कारण आपल्या गवंड्यापाशीच आहे. पेनिसिलिनला बांधकाम चालू असलेली भिंत लागते. टेट्रासायक्लिन बॅक्टेरियाची वाढच थांबवतं, गवंडी कामावर येतच नाही, आणि भिंत आहे तशी उभी राहते. याचा अर्थ अशी जोडी कधीच देत नाहीत असा नाही. न्यूमोनियात डॉक्टर वेगवेगळ्या जंतूंसाठी तशी औषधं शेजारी-शेजारी देतात, विचार करून. डब्यातून हाताला लागतील तशी दोन पाकिटं फोडणं ही गोष्ट निराळी.

ज्यांचं माणूस आयसीयूत आहे आणि दोन-तीन अँटिबायोटिकं चालू आहेत, अशांची पत्रंही असतात. तिथे सुरुवातीला जंतू कोण हे माहीत नसतं, म्हणून जाळं मोठं टाकतात. ४८ ते ७२ तासांत कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो, तेव्हा शांतपणे विचारा: “रिपोर्टप्रमाणे आता कोणतं औषध कमी करता येईल?” काही वेळा जोडी खरोखर अटळ असते. एनडीएम नावाची कात्री जस्ताच्या बळावर कापते, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल किंवा तसंच कात्री अडवणारं ॲव्हिबॅक्टम तिच्यात रुतत नाही. अझ्ट्रिओनम हे एक औषध तिला कापता येत नाही, पण त्याच बॅक्टेरियाच्या खिशातल्या दुसऱ्या कात्र्या ते कापतात. म्हणून सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि अझ्ट्रिओनम एकत्र देतात. ॲव्हिबॅक्टम दुसऱ्या कात्र्या अडवतं, अझ्ट्रिओनम काम करतं. प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे, ते असं एका ओळीत सांगता येतं. मेडिकलवाल्याच्या स्ट्रिपबद्दल असं वाक्य बनवून बघा.

डॉक्टरांकडे ‘स्ट्राँग’चा आग्रह धरू नका. त्यांनी अँटिबायोटिक लिहिलंच तर विचारा: कोणत्या जंतूवर, गोळीत दोन औषधं असतील तर दुसऱ्याचं काम काय, किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर. बालरोगतज्ज्ञांनी औषध न लिहिण्यासाठी घसा तपासण्याचा वेळ खर्च केला, ती फी वसूल झाली असं समजा.

मेडिकलवाल्याशी भांडायची गरज नाही. स्ट्रिप न फोडता परत करा. सेफिक्झिम शेड्यूल एच-वन मध्ये येतं. २०१४ पासून ही औषधं चिठ्ठीवरच द्यायची आणि डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायची असा नियम आहे. “रजिस्टरमध्ये कुणाच्या नावावर लिहिणार?” एवढा प्रश्न ओळखीतही चालतो.

डबा एका दुपारी रिकामा करा. उरलेली अँटिबायोटिकं, फोडलेलं सिरप, कापलेल्या स्ट्रिपांचे नाव नसलेले तुकडे बाजूला काढा. मोरीत किंवा संडासात टाकू नका, ते औषध शेवटी नदीतल्या बॅक्टेरियांनाच भेटतं. गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि घंटागाडीत घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. डब्यात पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर आणि मोजायची सिरिंज राहू द्या. यापुढे जुलाब झाले तर ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारख्या जोडगोळीच्या आधी त्या ओआरएसकडे हात जाऊ दे. अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना ‘तुम्ही कोर्स अर्धवट सोडला’ असं सुनावू नका. एक तर ते तितकंसं बरोबर नाही. दाताच्या पुवाला डॉक्टर तीन ते सात दिवस औषध देतात, मध्ये तपासतात आणि लक्षणं गेली की लवकर थांबवायलाही सांगतात. चुकलं एवढंच, की थांबवताना फोन केला नाही. दुसरं म्हणजे त्यांचा अनुभव खोटा नाही, श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालंय. दात उघडून पू काढला तेव्हाच दाब उतरला आणि ठणका गेला. मेलेल्या दाताच्या नसेत रक्त पोचत नाही, म्हणून गोळीतलं औषधही तिथे पुरेसं पोचत नाही. गोळी आजूबाजूची सूज आवरते, मूळ जागचं जंतूंचं घर तसंच राहतं. हे त्यांना त्यांच्याच दाताबद्दल म्हणून सांगा, नातवाच्या तापावरून वाद घालताना नको.

आणि दोन महिने झालेत, तेव्हा या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना एका कागदावर लिहून न्या: ६२५ किती गोळ्या घेतल्या, जुलाब कधी सुरू झाले आणि कधी थांबले, मधुमेहाची आणि इतर चालू औषधं कोणती, अलीकडची साखर किती. सकाळी नाश्ता आणि मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन निघा. फक्त तारीख ठरवताना कॅलेंडरात संकष्टी बघा.